दळण आणि ओवी

‘मी काही क्रिएटिव्ह वगैरे नाही’ हे वाक्य मी ऑफिसात जवळपास रोज ऐकतो. आमच्याकडे डिझाइनच्या टीमला सगळे ‘क्रिएटिव्ह लोक’ म्हणतात. म्हणजे उरलेले आम्ही आपोआपच कुंपणाच्या बाहेर. ज्याला चित्र काढता येतं, गाता येतं, ज्याच्या रीलला लाखभर व्ह्यूज येतात तो क्रिएटिव्ह. बाकीच्यांनी बघायचं, लाइक करायचं आणि पुढे सरकवायचं.

याच्या बरोब्बर उलट बोलणारा एक बाजारही आहे. ‘प्रत्येकात एक कलाकार दडलेला असतो’, असं तो सांगतो आणि त्या कलाकाराला जागं करायचे पैसे घेतो. शनिवार-रविवारची पॉटरी कार्यशाळा, मोठ्यांसाठीची रंगवायची पुस्तकं, एकवीस दिवसांचं जर्नलिंग. आमच्या ऑफिसातही एकदा ‘वेलनेस डे’ झाला. सगळ्यांना छापील मंडला आणि स्केचपेनं दिली, मागे बासरी लावली. नव्वद मिनिटांनी फीडबॅक फॉर्म आला: ‘तुम्हाला आतून किती शांत वाटलं? १ ते ५ मध्ये सांगा.’ मी ४ दिले. खोटे नव्हते, खरंच बरं वाटलं होतं. पण नव्वद मिनिटं झोपायला दिलं असतं तरी मी ४ दिले असते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. रोजच्या जगण्यातलं छोटंमोठं घडवणं, म्हणजे स्वयंपाक, शिवण, रांगोळी, चार ओळी लिहिणं, बाल्कनीतली दोन झाडं, माणसाला आतून खरंच वाढवतं का? की थकलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून सांगितलेली ती एक गोड गोष्ट आहे?

माझ्यासाठी हा प्रश्न छंदापुरता उरलेला नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या कामाचं स्वरूप बदललं. काय हवं ते मी चार ओळींत सांगतो आणि यंत्र दोनशे ओळींचा कोड लिहून देतं. बऱ्याचदा चांगला लिहितं. कविता मागितली तर कविता देतं, चित्र मागितलं तर चित्र. घडवणं म्हणजे फक्त वस्तू हातात येणं असेल, तर स्वतः काही घडवायचं कारणच उरलेलं नाही. कारण उरलंच असेल, तर ते वस्तूच्या पलीकडे कुठेतरी असणार. ते नेमकं कुठे आहे?

मला याचं बऱ्यापैकी पटणारं उत्तर एका जुन्या जागी सापडलं. जात्यापाशी.

*

जातं तुम्ही कदाचित हॉटेलच्या दारात शोभेसाठी ठेवलेलं पाहिलं असेल, नाहीतर लग्नात हळद दळताना. पण गावोगाव गिरण्या पोचेपर्यंत घरातलं प्रत्येक पीठ त्यातूनच यायचं. पहाटे, बाकीचं घर झोपलेलं असताना, बाया जात्याला बसायच्या. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं तोंडात मूठमूठ वैरण घालायची. समोर जाऊ, नणंद किंवा शेजारीण असली तर खुंटा दोघींचा. आणि जातं फिरायला लागलं की ओवी सुरू व्हायची.

ही पद्धत फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी ओवीत लिहिली गेली त्याच्याही आधी ओवी बायकांच्या तोंडी होती. १९८०च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आज ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ फोनवर ऐकता येतात. हेडफोन लावून एकदा ऐका. जात्याची घरघर आणि तिच्यावर स्वार झालेला आवाज.

त्या ओव्यांत काय आहे? माहेर आहे, भाऊ आहे, लेक आहे, पंढरीची वाट आहे. वनवासातली सीता आहे, आणि तिच्या बाजूनं रामाला विचारलेला जाबही आहे. सासरचा जाच आहे. आणि बाबासाहेब आंबेडकर आहेत, पुष्कळ ओव्यांत आहेत. शेकडो वर्षांचा जुना साचा, पण विसाव्या शतकात जे नवं घडलं तेही बायांनी त्यात बसवून घेतलं. कुणी त्यांना ‘समकालीन विषयावर लिहा’ असं सांगितलेलं नव्हतं.

मला अडकवून ठेवणारी गोष्ट साधी आहे. त्या पहाटे घरानं तिच्याकडे पीठ मागितलं होतं. ओवी कुणीच मागितली नव्हती.

ओवी गायली नसती तरी भाकरी झाली असती. सासूनं बोल लावला नसता, नवऱ्याला कळलंही नसतं. कामाच्या हिशेबात ओवीची नोंद शून्य. तरीही ती होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या होती. जी बाई दिवसभर कुणाची तरी सून म्हणून वावरायची, ती त्या तासाभरात कुणाची बहीण होती, कुणाची आई होती, रामाशी भांडणारी होती. घरात उच्चारायला जागा नव्हती ते जात्यापाशी उच्चारता यायचं. संत जनाबाईची आख्यायिका आपल्याकडे घरोघरी माहीत आहे: नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसायची आणि विठ्ठल येऊन तिला दळू लागायचा. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या गोष्टीत एक नेमकं निरीक्षण आहे. राबण्याच्या जागेवरच तिला कुणीतरी भेटत होतं.

*

इथे थांबून एक आक्षेप घ्यायलाच हवा. मी वातानुकूलित खोलीत बसून जात्याचं कौतुक करतोय. ज्यानं कधी पायलीभर ज्वारी दळलेली नाही त्याला जातं काव्यमय वाटणं फार सोपं आहे.

माझी आजी बार्शी तालुक्यातली. तिला मी एकदा विचारलं, ‘आजी, जात्यावर दळायला कसं वाटायचं गं?’ मला वाटलं होतं, आता ती जुन्या आठवणींत रमेल. ती म्हणाली, ‘कसं म्हंजे? गिरणी आली तवा खांदं सुटलं बघ माझं.’ विषय संपला. मग मी ओव्यांबद्दल विचारलं, तर लाजली. आधी ‘आता काय आठवतंय’ म्हणाली आणि मग थांबेचना.

मला ही दोन्ही उत्तरं एकत्र धरून ठेवायची आहेत. जातं गेलं हे चांगलंच झालं. आणि ओवी मोलाची होती. यातलं एक खरं ठरवण्यासाठी दुसरं खोटं पाडायची गरज नाही. घोटाळा होतो तो आपण दळणालाच ओवी म्हणतो तेव्हा. ‘आईच्या हातच्या स्वयंपाकातली कला’ असं म्हणत तिला जन्मभर ओट्यापाशी उभं ठेवायचं, हा तोच घोटाळा. सक्तीच्या कष्टांना कला म्हणून मखरात बसवलं की कष्टांची वाटणी करायची टाळता येते.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी करून घेतली आहे. एखाद्या कामातला कोणता भाग गाळला तरी मागणाऱ्याला ते पूर्णच वाटेल? तो भाग म्हणजे ओवी. बाकीचं दळण. दळण वाईट नाही, पोट त्यावरच भरतं. पण माणूस आतून वाढतो तो बहुधा त्या न मागितलेल्या भागात.

या कसोटीवर कुंपण उभं राहत नाही. कुणीच बाहेर नाही. रिक्षाच्या मागच्या पाटीवर सुबक अक्षरात लिहून घेतलेली ओळ, गल्लीतल्या इस्त्रीवाल्यानं कपड्यांच्या गठ्ठ्याला मारलेली ती एकाच पद्धतीची गाठ, वर्गात शिकवताना सरांनी अभ्यासक्रमात नसलेली सांगितलेली गोष्ट. आमच्या धंद्यातही हे आहे. टिकेट म्हणजे दळण. पण एखाद्या फंक्शनला असं नाव द्यायचं की सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला अर्थ शोधत बसावं लागू नये, हे टिकेटमध्ये लिहिलेलं नसतं. ते नाव शोधताना गेलेली दहा मिनिटं कोणत्याही डॅशबोर्डवर दिसत नाहीत.

*

पण ‘आतून वाढतो’ म्हणजे नक्की काय? हा शब्द इतका वापरून गुळगुळीत झालाय की तो स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मी पुण्यात तीन मित्रांसोबत राहतो. दीड वर्षापूर्वी भाकरी शिकलो. पोळीचा डबा येतो, भाकरीही विकत मिळते, त्यामुळे शिकायची गरज नव्हती. शिकावीशी वाटली, इतकंच.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं. गव्हाची कणीक स्वतःला धरून ठेवते, ताणली तरी तुटत नाही. ज्वारीचं पीठ धरून राहत नाही, त्याला आपण धरायचं असतं. गरम पाणी घालून तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. पीठ जुनं झालं असेल तर कितीही रगडा, थापताना कडा फाटतात. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘पिठाची विरी गेली’. थापताना बोटांचा दाब कडेला थोडा आणि मध्ये आणखी वेगळा. भाकरी परातीत फिरत राहिली पाहिजे, चिकटली की संपलं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर तडे जातात आणि मग फुगत नाही. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगणं ही बक्षिसासारखी गोष्ट आहे, पण ती तुमच्या इच्छेनं होत नाही.

‘क्रिएटिव्हिटी म्हणजे स्वतःला व्यक्त करणं’ असं आपल्याला शिकवलेलं असतं. भाकरी करताना मला याच्या उलट अनुभव आला. तिथे माझ्या ‘स्व’ला काडीची किंमत नव्हती. मला आज कसं वाटतंय याच्याशी पिठाला देणंघेणं नव्हतं. पीठ कसं आहे याच्याशी मात्र मला देणंघेणं ठेवावं लागत होतं. आज पीठ ताजं आहे का, पाणी पुरेसं गरम आहे का, तवा तापलाय की नाही, हे सारखं विचारत राहावं लागत होतं. आणि तेवढा वेळ डोक्यातली मीटिंग, ईएमआय, कुणाचं तरी न आलेलं उत्तर, हे सगळं मागे सरकत होतं. मी ते मागे ढकललं नव्हतं. समोरच्या वस्तूनंच लक्ष मागून घेतलं होतं.

आयरिस मर्डॉक ही इंग्रजीत लिहिणारी कादंबरीकार आणि तत्त्वज्ञ. १९७०च्या ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ या छोट्या पुस्तकात तिनं रशियन भाषा शिकण्याचं उदाहरण दिलंय. भाषा शिकताना माझ्यासमोर एक अशी रचना असते, जी माझ्या आधीपासून आहे आणि माझ्या मर्जीवर चालत नाही. तिला मान द्यावाच लागतो, येत नाही ते येतं असं सोंग आणता येत नाही. मर्डॉकच्या मते नैतिकतेचा उगम मोठ्या निर्णयाच्या क्षणी होत नाही. स्वतःभोवती फिरणारं मन बाहेरच्या खऱ्या गोष्टीकडे वळवायची सवय लागते, तिथे तो असतो. कारण पुढे माणसांशी वागतानाही हेच करायचं असतं. समोरचा माणूस माझ्या कल्पनेप्रमाणे नाही, तर तो आहे तसा पाहायचा.

मला हे वाचून वाढीची एक साधी खूण सापडली. पूर्वी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागणं. शांत वाटणं ही वाढ नव्हे, ते औषध आहे. दिसणं वाढलं तर माणूस वाढला.

*

ही वाढ फार नाजूक असते. ती मोजायला घेतली की बहुधा थांबते.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. स्केचपेनांनी चित्रं काढायला आधीपासूनच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. त्यांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला काहीच न सांगता नंतर अचानक प्रमाणपत्र दिलं. तिसऱ्याला ना सांगितलं ना दिलं. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा तीच स्केचपेनं ठेवली आणि कोणतं मूल आपणहोऊन किती वेळ चित्र काढतं ते पाहिलं. पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांवर मात्र असा काही परिणाम दिसला नाही.

म्हणजे खोट बक्षिसात नव्हती. बक्षिसासाठी काढण्यात होती. जी ओवी होती तिचं एका दुपारी दळण झालं.

हे वाचल्यावर इन्स्टाग्रामकडे पाहायची माझी नजर थोडी बदलली. फोटो टाकू नयेत असं मी म्हणणार नाही. आपण केलेलं चार लोकांना दाखवावंसं वाटणं हे माणसाचं लक्षण आहे. ओवीलाही समोर बसलेली जोडीदारीण ऐकत होतीच. फरक इतकाच की भाकरी फुगल्यावर फोटो काढणं वेगळं आणि फोटोसाठी भाकरी फुगवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात हातासमोर पीठ असतं, पण नजर त्याच्यावर नसते. ती कुठल्यातरी अनोळखी डोळ्यांमधून स्वतःकडेच पाहत असते. मर्डॉक ज्या खोलीतून बाहेर यायला सांगते त्याच खोलीत आपण परत जातो, फक्त या वेळी रिंगलाइट घेऊन.

उलट बाजूला बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आहे. जळगावजवळच्या आसोद्याची, लिहिता-वाचता न येणारी ही बाई शेतात आणि घरात राबताना गाणी रचत राहिली. मुलानं, म्हणजे कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि घरच्यांनी त्यातली काही उतरवून घेतली. १९५१मध्ये बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं ते १९५२मध्ये. आपण शाळेत वाचलेल्या त्या कवितांमागे एक मोठं आयुष्य आहे, जे वाचकाशिवाय गेलं. त्या कविता आपल्यापर्यंत पोचल्या हे आपलं नशीब. पण न पोचत्या तर बहिणाबाईंचं रचणं वाया गेलं असतं का? मला तसं वाटत नाही. पेरणीकडे, विहिरीच्या मोटेकडे, घरट्याकडे ज्या नजरेनं त्यांनी पाहिलं, ती नजर छापखान्याच्या कितीतरी आधी तयार झालेली होती.

*

आता सगळ्यात अवघड आक्षेप. घडवणारा माणूस चांगला माणूस होतोच का?

नाही. कलेत थोर आणि घरात क्रूर अशी माणसं कमी नाहीत. पाककलेत निपुण असलेल्या आणि सुनेला छळणाऱ्या सासवा तर आपल्या ओव्यांतच भेटतात. तेव्हा ‘रोज काहीतरी घडवा, आपोआप चांगले व्हाल’ असं कुणी सांगत असेल तर ते वेलनेस डेचं वाक्य समजावं. घडवण्यातून नजर मिळते. त्या नजरेचं पुढे काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

माझ्या बाबतीत त्या नजरेनं पहिल्यांदा दाखवलं ते आमच्या मेसवाल्या काकूंना. वर्षभर त्यांच्या हातची भाकरी खात होतो. भाकरी शिकल्यावर एकदा त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहिलं. दोन शेगड्या, दोन तवे. एक थापून होईपर्यंत एकीवर पाणी फिरलेलं, दुसरी विस्तवावर फुगलेली. पीठ हातात घेतल्याबरोबर म्हणाल्या, ‘आज विरी कमी आहे.’ मला जे दीड वर्षात कळलं ते त्यांच्या बोटांना एका क्षणात कळत होतं. मी अगदी भारावून विचारलं, ‘काकू, तुम्हाला आवडतं का हो भाकरी करायला?’

त्या हसल्या. ‘आवडायला वेळ कुठंय रे बाळा? चाळीस डबे आहेत.’

मी या वाक्यापाशी फार दिवस अडकलो. माझी एक भाकरी ओवी होती, कारण मला ती करायची नव्हती तरी चाललं असतं. त्यांच्या चाळीस डब्यांच्या भाकऱ्या दळण होत्या. कौशल्य त्यांच्याकडे माझ्या शंभरपट होतं. माझ्याकडे होती ती मोकळी जागा.

इथे आतल्या वाढीचा प्रश्न आपल्या आत मावेनासा होतो. न मागितलेलं करायला दिवसात थोडी सैल जागा लागते, जिचा हिशेब कुणी मागत नाही. ती जागा सगळ्यांना सारखी मिळत नाही. झटपट सामान पोचवायला निघालेल्या मुलावर वेळेचा दबाव असतो. गोदामात एक वस्तू उचलायला किती सेकंद लागले हे नोंदवणारं सॉफ्टवेअर असतं. कॉल सेंटरमध्ये दोन फोनमधला रिकामा वेळ मोजला जातो. आमच्या धंद्याचा लाडका शब्द आहे ‘ऑप्टिमाइझ’. त्याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की कामात जिथे जिथे सैल जागा असेल ती शोधायची आणि भरून टाकायची. पण ओवी बसायची तीच जागा. जात्याची घरघर एका लयीत चालायची, बाईच्या तोंडाला काम नसायचं, म्हणून तर गाणं सुचायचं. कुणी त्या मोकळ्या तोंडाचाही उपयोग शोधून काढला असता तर एक लाख ओव्या कुठून आल्या असत्या?

‘तुझी आतली वाढ तूच कर’ असं एखाद्याला सांगणं आणि त्याच वेळी त्याच्या दिवसातली प्रत्येक फट बुजवणं, ही मला सध्याची एक मोठी लबाडी वाटते. वेलनेस डे वर्षातून एकदा असतो. फटी रोज बुजतात.

*

आजीनं त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मी म्हणालो, ‘गिरणी आल्यावर मग पहाटे निवांत झोपायला मिळालं असेल.’ ती म्हणाली, ‘झोपायला? दळान सुटलं, पहाट कुठं सुटली? त्याच येळंला उठून पाणी भरायला लागलो.’

यंत्रानं वाचवलेला वेळ आपोआप माणसाच्या हातात पडत नाही. तो पुढचं काम खाऊन टाकतं. आमच्याकडेही तेच चाललंय. पूर्वी दोन दिवसांत होणारं टिकेट आता दोन तासांत होतं, आणि म्हणून दिवसाला चार टिकेटं येतात. कंटाळवाणा, तोचतो कोड यंत्रानं लिहिला तर मला आनंदच आहे. माझेही खांदे सुटतात. पण फंक्शनला नेमकं नाव शोधायची ती दहा मिनिटंही त्याबरोबर गेली. कोड यंत्राचा, नावही यंत्राचं, आणि तपासायला मला मिळतात तीन मिनिटं. नाव चांगलंच असतं. मला त्यासाठी प्रश्न नीट समजून घ्यावा लागला नाही, एवढीच गोष्ट राहून गेली.

म्हणून मी काय करतो? फार काही नाही. कोडमधली काही नावं अजून स्वतः शोधतो, यंत्राचं नाव वाचायच्या आधी. टीममध्ये कामाचा अंदाज देताना वाचलेला सगळा वेळ पुढच्या टिकेटला देऊन टाकत नाही, आणि हे लपूनछपून न करता मीटिंगमध्ये बोलून करतो. ज्युनिअर मुलांच्या वाट्यालाही तेवढी सैल जागा यावी म्हणून वाद घालतो. कधी जिंकतो, कधी नाही. घरी रविवारी भाकरी आम्ही करतो. दोन मित्र आता शिकलेत, तिसरा खाण्यात पटाईत आहे. रविवारी मेसला सुट्टी मिळावी म्हणून आम्ही आठ-दहा डबेवाल्यांनी मिळून आठवड्याचे पैसे तेच ठेवून एक दिवस कमी घ्यायचं ठरवलं. काकू रविवारी काय करतात ते मला माहीत नाही. झोपत असतील, टीव्ही बघत असतील, कदाचित दुसरं कुठलं काम घेतलं असेल. विचारायचं मी मुद्दाम टाळतो. त्या वेळेचा हिशेब मागायला लागलो तर तो दिलाच नाही असं होईल.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला मी कुठलाही कोर्स सुचवणार नाही. उद्या तुमच्या कामात कुठेतरी एक क्षण येईल, जेव्हा मागणाऱ्यापुरतं काम पुरं झालेलं असेल. त्याला आता आणखी काही नको असेल. तिथे लगेच फोन न काढता दोन मिनिटं थांबून बघा. समोरच्या वस्तूला अजून काही हवंय का, ते तिलाच विचारा. कदाचित काहीच नको असेल. कदाचित तिथूनच पहिली ओळ सुचेल.